म्हात्रेबाई हात गरम करायच्या

म्हात्रेबाईंनी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला की समजायचं, आता कुणाच्या तरी पोराचं लंगोट सुटणार. चहा त्या पीतच नव्हत्या. नुसता धरून बसायच्या. ग्लास कोमट झाला की खाली ठेवायच्या, तळवे एकमेकांवर घासायच्या आणि पाळण्याकडे जायच्या. तेवढ्या वेळात बारशाला जमलेल्या बायकांची बडबड आपोआप बंद. कुणीतरी हळूच म्हणायचं, "आली बघ गोटीवाली."

बाईंना ऐकू जायचं. त्या तळवे घासत राहायच्या.

मुलगी झाली असेल तर बाई जेवून, आशीर्वाद देऊन घरी. मुलगा झाला असेल तर हे असं. पिशवीत त्यांनी स्वतः शिवलेलं टोपडं असायचं, कानावर बंद असलेलं, पण ते आधी द्यायच्या नाहीत. आधी बघणार. दोन बोटांनी, डोळे मिटून, भाजीवाली वाटाण्याची शेंग दाबून बघते तसं. दोन्ही गोट्या जागेवर असल्या की टोपडं पोराच्या डोक्यावर आणि बाईंच्या तोंडावर एक बारीक हसू. नसल्या तर टोपडं आईच्या हातात, आणि बाई तिच्या कानाला लागायच्या. ते कानाला लागणं लोकांना आवडायचं नाही. आमची आई म्हणायची, "नजर लावते मेली."

मी एकदा विचारलं, बाई, हात गरम कशाला करता, पोरगं काय इडली आहे का?

"गार हात लागला की खाली असलेली पण वर पळते," बाई म्हणाल्या. "मग उगाच आईबापाला भीती घालायची. हात गरम असला की खरं कळतं रं."

बाई जाऊन आता वर्ष होत आलं. मी सातवी दोनदा नापास, लिहिणं आपलं काम नाही. पण त्यांच्याबद्दल जे बोलायचं ते मी सोडून दुसरा कुणी बोलू शकत नाही, आणि मी बोललो की लोक हसतात. म्हणून हे कागदावर.

सिंधी वस्तीत, कॅम्प दोनला, एका बोळात खाली लॅब आणि वर आमचा जीन्सचा कारखाना. मी वर प्रेसवर. आमच्या वाफेचं पाणी लॅबच्या बोर्डावर ठिबकून त्याचं पहिलं अक्षर गेलेलं, ते कुणी परत लिहिलं नाही. बाई त्या लॅबमध्ये टेक्निशियन. रक्त, लघवी आणि पुरुषांचं ते जे बाटलीत देतात, ते. त्या दिवसभर दुर्बिणीला डोळा लावून मोजायच्या. राहायला चिखलोलीला, जुन्या गावात. आजूबाजूला एवढे टॉवर झाले की बाई म्हणायच्या, "आमच्या घरात ऊन विचारून येतं." माहेर त्यांचं खाडीकडचं, मिठागरावरचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही.

लॅबचा मालक सिंधी डॉक्टर. तो रिपोर्टवर सही करायचा, पण बाईंच्या आधी करायचा नाही. "बाई ने देखा?" एवढंच विचारायचा.

बाईंचा एक नियम होता. लॅबमधलं लॅबमध्ये. जिन्यावर भेटलेल्या माणसाला त्या ओळख दाखवायच्या नाहीत, कारण तो कशासाठी आलेला ते बाजूच्याला कळू नये. मी हा नियम खूप वापरला. बाकीचं ऐका, कळेल.

माझं लग्न झालं, दोन वर्षं झाली, सुरेखाला दिवस जाईनात. अंबरनाथच्या एका डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या तपासण्या लिहून दिल्या. सुरेखाच्या आठ, माझी एक. ती एक मला नको होती. कारण मला माहीत होतं. जन्मलो तेव्हा माझी एक गोटी जांघेत आणि एक पोटात. आईने अकरा वर्षं वाट बघितली. उतरेल, उतरेल. नाही उतरली. मग अकराव्या वर्षी डॉक्टरने पोट फाडून दोन्ही खाली आणून टाचल्या. मी त्याचे पण विनोद केले. लिफ्ट बंद होती, माल हाताने उतरवला म्हणून सांगायचो, आणि चाळ हसायची.

तर बाटली. आमच्याकडे प्रेसवर रामबचन होता, जौनपूरचा, त्याला चार पोरं. मी त्याला दालपकवान खायला घातलं आणि बाटली हातात दिली. तो म्हणाला, "भैया, इतने के लिए नाश्ता काहे कराया, वैसे ही बोल देते." पाच मिनिटांत बाटली घेऊन मी खाली. जिना उतरताना स्वतःच्या हुशारीवर खूष.

बाईंनी विचारलं, "कुठनं आणलंस?"

"घरून."

"विठ्ठलवाडीवरून?"

"हो ना. रिक्षा मिळत नव्हती, अर्धा तास गेला."

बाईंनी बाटली तळहातावर घेतली. मग एकदा माझ्याकडे बघितलं आणि एकदा वर छताकडे, जिथे आमचा कारखाना. बाटली अजून गरम होती. ज्या बाईचा सगळा जन्म हाताच्या उबेवर गेला, तिला मी पाच मिनिटांची बाटली अर्ध्या तासाची म्हणून विकत होतो.

"इथे दे परत," त्या म्हणाल्या. "आत खोली आहे."

"बाई, इथे वरनं मशीनचा आवाज येतो, जमत नाही."

त्यांनी काही वाद घातला नाही. रिपोर्ट आला, सगळं फर्स्ट क्लास. चार पोरांच्या बापाचा रिपोर्ट, येणारच. खाली बारीक अक्षरात बाईंनी लिहिलेलं होतं: नमुना बाहेरून आणलेला. इंग्रजीत. आमच्या घरात कुणी एवढं खालपर्यंत वाचत नाही. आईने रिपोर्टला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि त्या दिवसापासून दोष सुरेखाचा झाला. नळीची तपासणी झाली, इंजेक्शनं झाली, सोळा सोमवार झाले. ओटी भरायला तिला बोलावणं बंद झालं. मी संध्याकाळी घरी जाऊन तिला हसवायचो. ती हसायची पण.

त्या रिपोर्टनंतर तिसऱ्या वर्षी बाईंनी मला जिन्यात अडवलं. मुंबईच्या कुठल्यातरी संस्थेतली एक मुलगी संशोधन करत होती, तिला नमुने पाहिजे होते. ज्यांच्या लहानपणी उतरल्या नव्हत्या त्यांचे.

"मला कशाला सांगता?" मी विचारलं.

"लिफ्ट बंद होती म्हणून तूच सांगतोस ना सगळ्या गल्लीला," बाई म्हणाल्या. "ह्या वेळी आतल्या खोलीत. नाव कुणाला कळणार नाय."

दिला बुवा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बोलावून दुर्बिणीशी बसवलं. आधी कुणाचातरी दुसऱ्याचा दाखवला. गणपतीच्या मिरवणुकीत वरून बघावं तसं, नुसती धावपळ. मग माझी काच लावली.

"काय दिसतं?"

"पांढरं."

"अजून बघ."

मी बघत राहिलो. वर कारखान्यात मशीन चालू होती, तिचा थरथराट टेबलातून डोळ्याला लागत होता. खाली काचेत काहीच हलत नव्हतं. कोपऱ्यापर्यंत काही नाही.

"आज सुट्टी दिसते," मी म्हटलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी काच काढली, धुवायच्या भांड्यात टाकली आणि विचारलं, "तुमच्यात गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावतात ना?"

लावतात. कटिंगमास्तर कापलेल्या मालाचे गठ्ठे बांधतो, वर ऑर्डरचा मोठा कागद, काय शिवायचं त्याचा. मध्येच पार्टीचा फोन आला, हा माल नको, की मास्तर त्या कागदावर एक बारकी चिठ्ठी टाचतो. त्यावर एकच शब्द, रोको. ती चिठ्ठी दिसली की शिलाईवाला गठ्ठ्याला हात लावत नाही. माल पडून राहतो.

"शरीरात तसंच," बाई म्हणाल्या. "प्रत्येक कामाचा मोठा कागद निघतो आणि त्याला थांबवायला बारक्या चिठ्ठ्या असतात. मायक्रो आरएनए म्हणतात त्यांना. चिठ्ठ्या वाईट नसतात रं. कुठलं काम कधी थांबवायचं ते लागतंच. पण गोटी पोटात राहिली की तिथे ऊन. तिला गारवा लागतो, म्हणून तर ती बाहेर टांगलेली. त्या उन्हात चिठ्ठ्यांचा हिशोब बिघडलेला दिसतो. काही जास्त, काही कमी. जे शिवायचं तेच थांबतं. मग कारागीर एकेक उठून जातात."

"आणि मग खाली आणली की चिठ्ठ्या निघतात?"

"लवकर आणली तर आशा जास्त. तू अकरा वर्षं उन्हात ठेवलीस." खोटं बोलायला त्यांना जमायचं नाही. "ती मुलगी सांगत होती, चिठ्ठ्या बदलल्या म्हणून काम बंद पडलं, की काम बंद पडलं म्हणून चिठ्ठ्या बदलल्या, ते अजून पक्कं नाय. शोधतायत. उद्या कदाचित नुसत्या चिठ्ठ्या वाचून सांगतील आत काय चाललंय. तवर माझा हात."

मी उठलो. दारात त्यांनी विचारलं, "सुरेखाला सांगशील?"

"सांगतो ना."

"कधी?"

"बघू, चांगला दिवस बघून."

"वाट बघायला हरकत नाय," बाई म्हणाल्या. "पण वाट बघायची तर तारीख ठरवायची. तारीख नसली की ती वाट नसते."

तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला बाई जिन्यात भेटल्या की एकच विचारायच्या, "आंघोळ केलीस?" कारखान्यातली सगळी पोरं हसायची, दिन्या आंघोळ करत नाही म्हणून लॅबवाली ओरडते. अत्तराची बाटली भेट दिली पोरांनी मला. खरं असं होतं की बाईंनी मला शिकवलेलं, महिन्यातून एकदा गरम पाण्याने आंघोळ करताना हाताने तपासायचं, कुठे खडा लागतो का, कुठे कडक लागतं का. पोटात राहिलेल्या गोटीत पुढे कधीकधी गाठ होते. तुम्ही ह्याच्या एवढं मागे का लागता म्हणून विचारलं तेव्हा बाई काचा पुसत होत्या. पुसता पुसताच बोलल्या.

"माझा धाकटा भाऊ. एकच खाली होती. आमच्यात म्हणायचे, एक असली तरी मर्द. तिशीच्या आत पोट सुजलं. कावीळ म्हणून झाडपाला दिला, भगताकडे नेला. पोटात राहिलेली ती एक, नारळाएवढी झाली होती. मी तेव्हा नुकती लॅबला लागलेली. दुसऱ्यांची पोटं तपासत होते."

काचा पुसून झाल्या तरी फडकं फिरतच होतं. मी विनोद शोधला, सापडला नाही.

अशी अजून तीन वर्षं गेली आणि आमच्या मंगेशला मुलगा झाला. मंगेश माझा धाकटा भाऊ, त्याची बायको प्राजक्ता. बारसं चाळीतच. सुरेखाला आईने स्वयंपाकघरात ठेवली, पाळण्याजवळ नको म्हणून. बाई आल्या. चहा मागितला. ग्लास धरला. मी दारात उभा राहून पाहुण्यांना हसवत होतो, पण डोळा बाईंच्या बोटांवर. बोटं एका जागी थांबली, मग वर सरकली, जांघेपर्यंत. बाईंनी डोळे उघडले ते सरळ माझ्याकडे.

टोपडं त्यांनी पोराला घातलं नाही. प्राजक्ताच्या हातात पण दिलं नाही. आत स्वयंपाकघरात गेल्या आणि सुरेखाला म्हणाल्या, "हे तू घालायचंस." सगळ्या बायका बघत राहिल्या. सुरेखाने ओले हात पदराला पुसले आणि बाहेर येऊन बाळाला टोपडं घातलं. आई रात्रभर भांडी आपटत होती.

जाताना बाईंनी प्राजक्ताला सांगितलं, "दोन्ही वर आहेत, जांघेत लागतात. सहा महिने थांब, उतरतील कदाचित. सहा महिन्यांनंतर एक दिवस नाय थांबायचं. लहान मुलांच्या सर्जनला दाखवायचं. वर्षाच्या आत ऑपरेशन."

सहा महिने झाले. उतरल्या नाहीत. प्राजक्ता रडायला लागली, मंगेश सर्जनची चौकशी करायला लागला. आणि आई कपाटातून फाइल घेऊन आली.

"हे बघ. दिन्याचं अकराव्या वर्षी केलं. अकरा वर्षं थांबलो, काय बिघडलं? रिपोर्ट बघ त्याचा, त्याच बाईच्या लॅबचा आहे. एकदम नॉर्मल. मग ह्या तान्ह्याला आत्ताच कशाला कापता? मोठा होऊ दे जरा."

मंगेशने माझ्याकडे बघितलं. "दादा, तू सांग."

मी काय सांगितलं? म्हटलं, "आपल्या खानदानात माल उशिरा उतरतो." सगळे हसले. मंगेश पण हसला, सुटल्यासारखा. रामबचनची पाच मिनिटं आता माझ्या पुतण्याच्या छातीवर बसली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. पहिल्यांदा त्यांचा हात थरथरताना बघितला. आधी वाटलं रागाने. नंतर कळलं, आजार सुरू झाला होता.

"बाई, तुम्हीच सांगा ना आईला. रिपोर्ट खोटा आहे म्हणून."

"रिपोर्ट खोटा नाय. माणूस खोटा आहे," बाई म्हणाल्या. "आणि लॅबमधलं मी बाहेर नेत नाय. तुझं पण नाय. तुला तारीख देते. पोराचं जावळ कधी आहे?"

"अकराव्या महिन्यात."

"त्या दिवशी येईन मी."

पाच महिने. एक तारखेला जिन्यात भेटल्या तर आता आंघोळीचं विचारत नव्हत्या. नुसत्या बघायच्या आणि जायच्या. सातवा महिना, आठवा. पोरगं बसायला लागलं, रांगायला लागलं, मला बघून खिदळायचं. मी त्याला आंघोळ घालताना हात गरम करून बघायचो. वर. अजून वर. नववा. माझ्या कानात नुसत्या चिठ्ठ्या टाचल्याचा आवाज, टक, टक. दहावा.

जावळाच्या दिवशी घर भरलेलं. पोरगं मामाच्या मांडीवर, न्हावी वस्तरा धुतोय. बाई आल्या, बारीक झालेल्या. चहा मागितला. ग्लास धरला तर अर्धा चहा साडीवर. तरी धरून बसल्या. मग तळवे घासले, पोराजवळ गेल्या, आई काही बोलायच्या आत बघून झालं. माघारी येऊन खुर्चीत बसल्या. सगळ्यांना वाटलं म्हातारी गप्प बसली, बरं झालं.

मी उभा राहिलो आणि बोललो. "तो रिपोर्ट माझा नाही. रामबचनचा आहे. बाटली त्याची, नाव माझं. माझ्यात काहीच नाही, काच रिकामी आहे. सुरेखात दोष नाही. अकरा वर्षं थांबल्यामुळे हे झालंय, पोराचं थांबवू नका."

मग मामा फिसकन हसला. मग न्हावी. मग सगळं घर. मंगेश डोळे पुसत म्हणाला, "दादा, पोराच्या जावळात पण सोडत नाहीस का रे?" आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी परत सांगितलं तर अजून हसले. मी रडायला लागलो तर मामा म्हणाला, "काय नक्कल करतो बघा." आयुष्यभर मी त्यांना शिकवलं होतं, दिन्या स्वतःबद्दल बोलला की हसायचं. ते शिकले होते.

दोघी हसल्या नाहीत. बाई आणि सुरेखा.

सुरेखा उठली. कपाटातून फाइल काढली. ती बारावी शिकलेली, पण तो रिपोर्ट तिने कधी हातात घेतला नव्हता, कारण त्यात तिचं काही नव्हतं. आता बोट ठेवत ठेवत शेवटपर्यंत गेली. "नमुना बाहेरून आणलेला," तिने इंग्रजीचं मराठी करून मोठ्याने वाचलं. मग बाईंकडे बघितलं. "बाई, अक्षर तुमचं?"

"माझं," बाई म्हणाल्या. अख्ख्या आयुष्यात लॅबचं एवढंच त्यांनी बाहेर नेलं.

हसणं एकेकाचं बंद होत गेलं. सुरेखा मला एकच बोलली, "सात वर्षं." मग माहेरी अंबरनाथला गेली. दोन महिन्यांनी परत आली. अजून माझ्या विनोदावर हसत नाही. मी पण आता कमी करतो.

पोराचं ऑपरेशन बदलापूरला झालं, तेराव्या महिन्यात. दोन्ही खाली आल्या. डाव्या बाजूची लहान होती. सर्जन म्हणाले, वेळेत आणलंत म्हणायचं, पण अजून आधी आणायला हवं होतं.

बाई बघायला आल्या त्या संध्याकाळी. चिखलोलीहून रिक्षाने, एकट्या. मी कॅंटीनमधून चहा आणला. त्यांनी सवयीने ग्लास धरला, मग पट्टी बांधलेल्या पोराकडे बघितलं आणि ग्लास माझ्या हातात परत दिला.

"आता हात लावून काय कळणार नाय," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांनी कळेल. मी नसेन. तू असशील. त्याला सगळं सांगायचं. महिन्याची आंघोळ पण शिकवायची."

"सांगेन, बाई."

"आणि हसवत नको सांगू."

मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेलो. रिक्षात बसवलं. रिक्षा वळेपर्यंत बघत होतो. बाई मांडीवर दोन्ही तळवे एकमेकांवर घासत बसल्या होत्या, जोरजोरात, समोर पोरगं नसताना.